कार्ब्युरेटरचे पाठभेद

यंत्रांचा इतिहास आपल्याकडे बहुधा कारखान्याच्या दारापाशी येऊन थांबतो. परवाना कोणत्या वर्षी मिळाला, परदेशी कंपनीशी करार कधी झाला, पहिली गाडी केव्हा बाहेर पडली आणि शेवटची केव्हा, एवढे सांगून झाले की इतिहास सांगून झाला असे मानले जाते. साहित्याच्या अभ्यासकांना हा आजार अपरिचित नाही. ग्रंथाचे प्रकाशनवर्ष आणि आवृत्त्यांची संख्या नोंदवून आपणही पुष्कळदा मोकळे होतो. तो ग्रंथ पुढे कोणी कसा वाचला, कोणी त्यात काय गाळले आणि समासात काय लिहिले, ही हकिकत कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही एका यंत्राची अशी समासातली हकिकत मांडणार आहोत. यंत्र आपल्या ओळखीचे आहे: कुर्ल्याला तयार होणारी, आधी फियाट व नंतर प्रीमियर पद्मिनी म्हटली गेलेली छोटी मोटार. आणि त्या मोटारीतलाही एकच अवयव आम्ही विचारात घेणार आहोत, तो म्हणजे तिचा कार्ब्युरेटर.

हा अवयव निवडण्याचे कारण असे, की मोटारीची 'सुधारणा' करायची म्हटले की मालकाचा आणि मेस्त्रीचा हात प्रथम इथेच जाई. सुधारणा हा शब्द मराठीत साधा नाही. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढले तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, तो आपल्याकडे वादाचा शब्द आहे. सुधारणा कोणाच्या हितासाठी, कोणत्या दिशेने आणि कोणाच्या अधिकाराने करायची, हे प्रश्न त्या शब्दाला कायमचे चिकटले आहेत. योगायोग असा, की त्याच १८८८ साली जर्मनीत बेर्था बेंझ या बाईंनी पतीने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइम ते फोर्ट्झहाइम असा शंभरेक किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतले आणि तुंबलेली इंधननळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच इंधनमार्गाची पहिली दुरुस्ती झाली, आणि तीही कारखान्याबाहेर, रस्त्यावर. आमच्या विषयाची सुरुवात तिथून मानायला हरकत नाही.

या हकिकतीला एक स्थळही हवे. ते आम्ही बोरघाटाच्या माथ्यावरचे घेतो. औंढे हे मावळातले, लोणावळ्याजवळचे गाव. या भागातल्या गावांना मोटार कशी दिसली असेल, तर घाट चढून आलेली म्हणून. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये लोहमार्ग घाटावर चढला आणि २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तरी चढण तेवढीच राहिली. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर उंची थोड्याशा अंतरात गाठावी लागते. मुंबईच्या सपाट रस्त्यांवर ज्या इंजिनाचा स्वभाव झाकून राहतो तो या चढणीवर उघडा पडतो. तेव्हा छोट्या इंजिनात केलेल्या कोणत्याही सुधारणेची परीक्षा पाहायची असेल, तर मुंबई-पुण्याच्या मालकांसाठी परीक्षेचे हे ठिकाण जवळचे आणि कडक होते.

कार्ब्युरेटरचे काम थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. पेट्रोल द्रव स्वरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळावी लागते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळायला १४.७ किलो हवा लागते. इंजिनाचा दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो. ती हवा कार्ब्युरेटरच्या नळीतून जाते. नळी मध्यभागी निमुळती केलेली असते. निमुळत्या जागी हवेचा वेग वाढतो व दाब घटतो, हे तत्त्व बेर्नूली यांनी १७३८ मध्ये मांडले आणि व्हेंचुरी यांच्या १७९७ च्या लेखनावरून त्या निमुळत्या भागालाच व्हेंचुरी हे नाव पडले. दाब घटला की शेजारच्या छोट्या टाकीतले पेट्रोल बारीक छिद्रातून ओढले जाते आणि फवाऱ्यासारखे हवेत मिसळते. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत, तर बांकी आणि चोंका या दोघांनी हंगेरीत अशा फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला. ज्या छिद्रातून पेट्रोल येते त्याला जेट म्हणतात. पितळेचा, बोटाच्या पेराहूनही लहान असा हा तुकडा. पण गाडी किती धावेल, किती पिईल आणि किती तापेल, हे पुष्कळ अंशी त्याच्या भोकावर ठरते.

आता हे प्रमाण एकच नाही, ही यातली मौज आहे. जास्तीत जास्त शक्ती हवी असेल तर पेट्रोल थोडे अधिक, म्हणजे एका भागाला साडेबारा ते तेरा भाग हवा, असे मिश्रण द्यावे लागते. काटकसर हवी असेल तर सोळा भागांपर्यंत जाता येते. पूर्ण ज्वलनाचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. म्हणजे 'योग्य मिश्रण' हा शब्दप्रयोग अपुरा आहे. कशासाठी योग्य, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. सुधारणेची दिशा रसायनशास्त्र ठरवत नाही, गाडीकडून काय हवे आहे ते ठरवते.

फियाटच्या मूळ गावी ही दिशा शक्तीची होती. १९५३ मध्ये आलेल्या फियाट ११०० च्या इंजिनाची क्षमता १०८९ घनसेंटिमीटर, चार दट्टे, शक्ती सुमारे ३६ अश्वशक्ती. त्याच वर्षी कंपनीने 'तुरिस्मो व्हेलोचे', म्हणजे वेगवान प्रवासाची, अशी आवृत्ती काढली. इंजिन तेच १०८९ चे. पण एकाऐवजी दोन नळ्यांचा वेबर कार्ब्युरेटर, वाढवलेले संपीडन आणि इतर काही फेरफार यांमुळे शक्ती सुमारे ५० अश्वशक्तीवर गेली. यातले वेबर हे नाव इथे महत्त्वाचे. एदोआर्दो वेबर यांनी बोलोन्या शहरात १९२३ मध्ये कार्ब्युरेटरचा कारखाना काढला तो मुळी फियाट गाड्यांत मागाहून बसवायच्या सुधारणा-संचांसाठी. दोन नळ्यांची त्यांची युक्ती अशी: एक नळी लहान, नेहमीच्या संथ चालीसाठी, दुसरी मोठी, ती वेग हवा तेव्हाच उघडायची. एकाच अवयवात काटकसर आणि ताकद या दोन प्रवृत्ती वेगवेगळ्या ठेवून त्यांना पाळीपाळीने बोलू द्यायचे. १९५२ मध्ये फियाटने ही कंपनीच आपल्या ताब्यात घेतली. गॅरेजमध्ये सुरू झालेली सुधारणा अशा रीतीने मूळ संहितेत समाविष्ट झाली. युरोपातल्या मोटारींच्या इतिहासात हे पुनःपुन्हा घडते: समासातली टीप पुढच्या आवृत्तीत मजकुरात येते.

आपल्याकडे मात्र ती वाट बंद होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, पुढे फियाटशी करार केला आणि १९५४ पासून ११०० ही गाडी कुर्ल्याहून निघू लागली. १९६४ मध्ये ११००-डी हे प्रारूप आले. आपल्याकडे त्याला 'डिलाइट' म्हणत. इटलीत या ११००-डीचे इंजिन १२२१ घनसेंटिमीटरचे होते. आपल्याकडे १०८९ चेच राहिले. १९७२ मध्ये गाडीचे नाव 'प्रेसिडेंट' झाले, १९७४ मध्ये 'पद्मिनी', आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ती निघत राहिली. बाजारात स्पर्धा जवळजवळ नव्हती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या निघून गेल्या होत्या. उरलेल्या मोजक्या उत्पादकांना गाडी बदलण्याचे कारण नव्हते, आणि परकीय चलनाच्या टंचाईत बदलायची म्हटले तरी ते सोपे नव्हते. ग्राहक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत होता. हाती आलेली गाडी वीस-पंचवीस वर्षे वापरायची, हे त्यामुळे गृहीतच होते.

या परिस्थितीचा एक परिणाम इतिहासकारांनी पुष्कळ सांगितला आहे: तंत्रज्ञान गोठले. दुसरा परिणाम क्वचित सांगितला जातो. कारखान्यात गोठलेली सुधारणा रस्त्यावर उतरली. गाडी बदलता येत नव्हती, म्हणून गाडीतले भाग बदलले जाऊ लागले. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरची आणि पुण्याच्या नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने, झाडाखालची गॅरेजे, हातात स्क्रूड्रायव्हर आणि कान इंजिनाकडे लावून बसलेले मेस्त्री, हे या गाडीचे खरे संशोधन-विभाग होते.

आणि या सुधारणेची दिशा तुरीनच्या उलट होती. ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले. तेव्हापासून मालकाचा मेस्त्रीला पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देईल?' हाच राहिला. याच इंजिनाला तिकडे मोठी नळी आणि मोठे जेट मिळत होते. इकडे लहान जेट मिळू लागले. याचा हिशोब पाहण्यासारखा आहे. जेटवर कोरलेला आकडा त्याच्या भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो: १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. त्याजागी १२० चे जेट घातले तर व्यासातला फरक मिलिमीटरचा विसावा हिस्सा, म्हणजे केसाच्या जाडीहून नाममात्रच कमी-अधिक. पण क्षेत्रफळ सुमारे ८ टक्क्यांनी घटते आणि जवळपास त्याच प्रमाणात पेट्रोल. हव्या त्या आकड्याचे जेट मिळाले नाही, तर आहे त्याच जेटचे भोक डाग देऊन बुजवायचे आणि बारीक सुईने नवे पाडायचे, हाही उपाय होता. या उपायाने एक विलक्षण गोष्ट घडते. जेटवर कोरलेला आकडा जुनाच राहतो, भोक मात्र निराळे. पोथीच्या पुष्पिकेत एक काळ लिहिलेला असावा आणि आतला पाठ दुसऱ्याच काळाचा असावा, तसे हे. पुढच्या मेस्त्रीला तो आकडा वाचून भागत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून, स्पार्क प्लगच्या टोकावरचा रंग पाहून खरा पाठ ठरवावा लागतो. तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर कमी.

काटकसरीची ही सुधारणा निर्दोष होती असे नाही, आणि तिचे दोष घाटात दिसत. पेट्रोल कमी केलेल्या मिश्रणावर जोर घेतला की ज्वलन लांबते, तापमान चढते, आणि सतत तसे चालवल्यास एक्झॉस्टच्या झडपा जळतात. सपाट रस्त्यावर चालकाचा पाय हलका असतो. बोरघाटात तो फळीला टेकलेला असतो. मुंबईत मालकाला सुखावणारे जेट खंडाळ्याच्या आधीच गाडीला दमवत असे. यावर एक समजूत अशी रूढ आहे की घाटावर हवा विरळ होते म्हणून गाडी अडते. ती तपासून पाहण्याजोगी आहे. लोणावळ्याच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असते. शक्ती तेवढ्या प्रमाणात घटते हे खरे, पण मिश्रणावर होणारा परिणाम त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ३ टक्के, आणि तोही पेट्रोल वाढण्याच्या बाजूने. हवा विरळ झाली तरी जेट तितक्या प्रमाणात पेट्रोल कमी करत नाही, म्हणून. ज्याने १२५ चे १२० केले आहे त्याच्या गाडीला ही उंची उलट थोडी साहाय्यच करते. घाटातला मुख्य शत्रू उष्णता हा आहे. गाडी संथ, इंजिन जोरात, समोरून येणारा वारा थोडा. अशा वेळी पंपातले व नळीतले पेट्रोल तापून त्याची वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी वाफ ओढू लागतो. यालाच वेपर लॉक म्हणतात. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि त्यांच्या पेट्रोल पंपावर घातलेले ओले फडके हे एका पिढीच्या ओळखीचे दृश्य आहे. ओले फडके ही अडाण्याची युक्ती नव्हती. पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते, या तत्त्वाचा तो काटेकोर वापर होता. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने तो पंप गार होई.

शक्तीच्या दिशेने जाणारे आपल्याकडे कोणीच नव्हते असे मात्र समजू नये. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर १९५० च्या दशकापासून शर्यती होत. त्यांत सुधारलेल्या फियाट धावत. १९८३ च्या अखेरीस मारुती आल्यानंतर नव्या जातीचे कार्ब्युरेटर बाजारात उपलब्ध झाले आणि ते जुन्या इंजिनांवर बसवण्याचे प्रयोग होऊ लागले. हे काम वरवर वाटते तेवढे सोपे नाही. नळीचे तोंड आणि इंजिनाचे तोंड जुळत नाही, म्हणून मधे धातूची जाड पट्टी कोरून बसवावी लागते. गळती राहिली तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण बिघडते. ॲक्सिलरेटरची तार नव्या कोनात ओढावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोठा कार्ब्युरेटर लावला म्हणून शक्ती वाढतेच असे नाही. १०८९ घनसेंटिमीटरचे चार-फेरी इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर जास्तीत जास्त सुमारे २७०० लिटर हवा ओढू शकते. प्रत्यक्षात झडपांच्या आणि नळ्यांच्या अडथळ्यामुळे त्याहून कमी. इंजिनालाच याहून जास्त श्वास घेता येत नसेल, तर समोरचे दार रुंद करून उपयोग नसतो. उलट दार फार रुंद झाले तर संथ चालीत हवेचा वेग पडतो, पेट्रोलचा फवारा नीट होत नाही आणि गाडी अडखळते. १९५३ च्या तुरीनच्या आवृत्तीत कार्ब्युरेटरसोबत संपीडनही वाढवले होते, ते याचसाठी. एका अवयवाची सुधारणा बाकीच्या शरीराला न विचारता करता येत नाही, हे जाणत्या मेस्त्रीला ठाऊक असे. समाजसुधारणेच्या आपल्या जुन्या वादातही हा मुद्दा काही कमी वेळा आलेला नाही.

यानंतरची सुधारणा न्यायालयाच्या आणि शासनाच्या मार्गाने आली, आणि तिची दिशा तिसरीच होती. १९९५ मध्ये महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, २००० पासून उत्सर्जनाचे भारत स्टेज निकष लागू झाले, आणि मुंबईच्या हवेविषयीच्या खटल्यातल्या आदेशांनंतर जुन्या टॅक्स्या नैसर्गिक वायूवर नेण्यात आल्या. वायूला फवाऱ्याची गरज नसते. हवेच्या वाटेवर एक मिक्सर बसवला की भागते. पद्मिनीच्या कार्ब्युरेटरच्या डोक्यावर हा मिक्सर बसला आणि ज्या अवयवावर इतके हात फिरले होते तो बहुतांशी नुसता वाटेतला नळ होऊन राहिला. शक्ती आणखी थोडी घटली. ॲव्हरेजचा प्रश्न स्वस्त वायूने सोडवला. प्रश्न आता शहराच्या फुप्फुसांचा होता. नव्या मोटारींत तोवर संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल सोडणारी इंजेक्शन पद्धत आली होती. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यावर नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर गेला. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या काळ्या-पिवळ्या गाड्या मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे नाहीशा झाल्या.

आज या गाडीपुढे सुधारणेचा चौथा अर्थ येऊन उभा आहे, आणि आमच्या मते खरा पेच इथे आहे. १९७४ च्या पद्मिनीने पन्नाशी ओलांडली आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या सांगाड्यात, बाह्यांगात किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही उत्पादकाच्या मूळ विनिर्देशापासून दूर जाणाऱ्या बदलांना आळा घालते, आणि जानेवारी २०१९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. रस्त्यावरची सुरक्षितता आणि हवेची शुद्धता यांसाठी असा कायदा हवा, याविषयी आमचा वाद नाही. परंतु वारशाच्या दृष्टीने पाहिले तर एक विसंगती उरते. जी गाडी केवळ बदलांच्या जोरावर पन्नास वर्षे जगली, तिला वारसा म्हणून मान मिळवायचा तर ती कधी बदललीच नाही असे दाखवावे लागते. म्हणून हौशी संग्राहक आज उलटा प्रवास करतात: मेस्त्रीने बसवलेला कार्ब्युरेटर काढून टाकायचा आणि कारखान्याच्या वेळचा सोलेक्स शोधून, धुऊनपुसून, पूर्वीच्या आकड्याचे जेट घालून पुन्हा बसवायचा. आता मूळ तेच सुधारलेले.

साहित्याच्या अभ्यासकांना हा पेच नवा वाटू नये. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण कृतज्ञतेने सांगतो. त्याआधीच्या तीन शतकांत ते पाठ कोणी, कोणत्या गरजेपोटी घातले, हे मात्र आपल्याला सहसा विचारावेसे वाटत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिथल्या संपादकांचे आम्हांला वाटणारे मोठेपण शुद्ध पाठ ठरवण्याइतकेच दुसऱ्या एका गोष्टीत आहे: बाजूला काढलेले श्लोकही त्यांनी फेकले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत कोणत्या पोथीत काय आहे यासह जपून ठेवले. त्यामुळे आज कोणालाही मुख्य पाठ वाचता येतो आणि त्याखाली शतकानुशतकांची माणसेही वाचता येतात. मोटारीच्या बाबतीत आपण पहिले काम उत्साहाने करत आहोत. दुसरे काम कोणी करताना दिसत नाही. काढलेले जेट भंगारात जाते आणि त्याबरोबर १९७४ च्या एका मालकाचा महिन्याचा हिशोब, एका मेस्त्रीचा कान आणि पेट्रोलच्या भावाचा एक पुरावा जातो.

या कामाच्या आड एक सोयीचा शब्द येतो, तो 'जुगाड'. गेल्या काही दशकांत व्यवस्थापनशास्त्राने या हिंदी शब्दाला बरेच डोक्यावर घेतले. त्यात कौतुक आहे, पण ते कौतुक ज्ञानाला युक्ती ठरवते. डाग देऊन पाडलेले भोक हे मोजमापाचे काम आहे. प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखणे हे निदान आहे. ओले फडके हे उष्णताशास्त्र आहे. आणि टंचाईमुळे जे करावे लागले त्याचा उत्सव केला की टंचाईचा जाब विचारायचा राहून जातो. मेस्त्रीच्या पोराला शाळा सोडून हातात पाना घ्यावा लागला, हेही त्या युक्तीच्या किमतीत धरले पाहिजे.

दुसरी अडचण आपल्या लिहिण्याची आहे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले, तेव्हा यंत्र आणि वाङ्मय एका मासिकात नांदू शकतात हे मराठीने दाखवून दिले होते. पुढे दोघांचे संसार वेगळे झाले. विश्वकोशाच्या मराठीत 'अंतर्ज्वलन', 'संपीडन' असे नेटके शब्द आले; गॅरेजच्या मराठीत 'कॉम्प्रेशन', 'पिकअप', 'मिसफायर', 'स्लो सेट करणे' असे शब्द राहिले. पहिली मराठी वाचली जाते, पण तिला कधी ग्रीसचा वास लागला नाही. दुसरी रोज बोलली जाते, पण लिहिली गेली नाही. दोहोंमध्ये जे ज्ञान होते ते बोलण्यात आले आणि बोलणाऱ्यांबरोबर चालले आहे. पन्नास वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून लागलेले मेस्त्री आज सत्तरीला टेकले आहेत. इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलेल्या तरुण कारागिराचे निदान संगणकाच्या पडद्यावर होते. त्याला जेटचा आकडा वाचायची गरज नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. घाटाखालच्या खोपोलीपासून घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यापर्यंत, औंढ्यासारख्या आसपासच्या गावांत, नाना पेठेत आणि कुर्ल्यात, ज्यांनी या इंजिनांवर हात चालवले ती माणसे अजून भेटतात. मराठी विभागांतले विद्यार्थी बोलींचे नमुने गोळा करतात, लोकगीते ध्वनिमुद्रित करतात. त्याच शिस्तीने ही दुरुस्तीची मराठी नोंदवता येईल. जुनी गाडी मूळ रूपात आणणाऱ्या मालकांनीही काढलेला प्रत्येक भाग एका डबीत ठेवावा आणि सोबत चार ओळी लिहाव्यात: काय काढले, भोक किती, कोणी बसवले होते, का. गाडी परिवहन कार्यालयात मूळ म्हणून नोंदली जावी. तिचे पाठभेद डबीत सुरक्षित असावेत.

तुरीनमध्ये सुधारणा म्हणजे वेग होता, कुर्ल्याच्या गाडीला ती काटकसर म्हणून भेटली, न्यायालयात ती स्वच्छ हवा झाली आणि आज संग्राहकाकडे ती मूळपणा झाली आहे. इंजिन चारही वेळा तेच, १०८९ घनसेंटिमीटरचे. यांपैकी कोणतीही एक सुधारणा खरी आणि बाकीच्या खोट्या, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला दिसत नाही. प्रत्येक पिढीने त्या पितळेच्या भोकातून आपली गरज मोजली, आणि ती मापे जोवर आपण लिहून ठेवत नाही तोवर या गाडीचा इतिहास कुर्ल्याच्या फाटकापाशीच थांबलेला राहील.